राज्यांचे हक्क आणि पळालेले गुलाम

अमेरिकेतील यादवी युद्ध गुलामगिरीमुळे झालेच नाही, ते राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असे विधान मिलिंदने परवा कट्ट्यावर केले आणि त्यानंतर चहा दोनदा येऊन गेला तरी दुसरा विषय निघाला नाही. मिलिंद नोकरीनिमित्त काही वर्षे अटलांटाला होता आणि हे मत त्याने तिकडे अनेकांकडून, तेही चांगल्या शिकलेल्या माणसांकडून, ऐकलेले आहे. त्याची मांडणी अशी होती की १७८७ ची राज्यघटना हा राज्यांनी आपखुशीने केलेला करार होता, जो आपखुशीने आत येतो त्याला बाहेर पडण्याचीही मुभा असली पाहिजे, आणि उत्तरेकडील कारखानदारांनी आयात मालावर जकात लादून दक्षिणेची पिळवणूक चालवल्यामुळे दक्षिणेने ती मुभा वापरली.

जकातीचा मुद्दा फार वेळ टिकला नाही. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायनाने जकातीचा केंद्रीय कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवण्याचा प्रयत्न केला होता हे खरे आहे. परंतु १८५७ च्या कायद्याने हे दर बरेच खाली आणले होते, आणि १८६१ ची मोठी वाढ मंजूर होऊ शकली ती दक्षिणेचे सिनेटर आधीच उठून गेले होते म्हणून. मिलिंदने हे मान्य केले, पण हक्कांचा मुद्दा सोडला नाही.

त्यावर सुजाता, जी वकिली करते आणि म्हणून कायद्याचा मजकूर पाहिल्याशिवाय कोणाचेही म्हणणे ऐकून घेत नाही, म्हणाली, "मिलिंद, तू १८५० चा पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा एकदा नीट वाच, आणि मग मला सांग की त्यात राज्यांचे हक्क कोणी तुडवले."

हा कायदा मला स्वतःला या सगळ्या वादाची किल्ली वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पळून गेलेला गुलाम मालकाला परत मिळावा ही तरतूद मूळ घटनेतच होती, परंतु तिची अंमलबजावणी बऱ्याच अंशी राज्यांच्या इच्छेवर अवलंबून राहत असे. १८५० च्या तडजोडीत कॅलिफोर्निया गुलामीमुक्त राज्य म्हणून संघात आले आणि त्याच्या बदल्यात दक्षिणेने हा कडक कायदा पदरात पाडून घेतला. त्यानुसार पकडलेल्या माणसाला जूरी मिळत नव्हती, स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती, आणि निकाल देणाऱ्या केंद्रीय कमिशनरला त्या माणसाला मालकाच्या हवाली केल्यास १० डॉलर, तर सोडून दिल्यास ५ डॉलर फी मिळत असे. (कागदपत्रांचे काम जास्त असते, असे यावर दिले गेलेले स्पष्टीकरण सुजाताने सांगितले तेव्हा कट्ट्यावर कोणालाच हसू आवरले नाही.) पळालेल्याला आसरा देणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती, आणि केंद्राचा मार्शल (न्यायालयाचे हुकूम बजावणारा अधिकारी) वाटेवरच्या कोणत्याही नागरिकाला मदतीस बोलावू शकत असे. ज्या माणसाने आयुष्यात गुलाम पाहिलाही नव्हता, त्याच्या दारात ही गुलामगिरी सरकारी हुकूम घेऊन उभी राहिली.

मे १८५४ मध्ये व्हर्जिनियातून निसटलेल्या अँथनी बर्न्स याला बॉस्टनमध्ये पकडले गेले. त्याला सोडवण्यासाठी जमावाने न्यायालयावर हल्ला केला, त्यात एक पहारेकरी मरण पावला, आणि शेवटी सैन्याच्या बंदोबस्तात, हजारो लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असताना, त्याला बंदरावर नेऊन जहाजात चढवण्यात आले. उत्तरेकडील अनेक राज्यांनी या कायद्याची धार बोथट करणारे स्वतःचे कायदे केले. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तर हा केंद्रीय कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि १८५९ मध्ये केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. म्हणजे त्या दशकात राज्यांच्या हक्कांचा झेंडा विस्कॉन्सिनच्या हातात होता आणि केंद्राची सत्ता वापरा असा आग्रह दक्षिणेचा होता. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायनाने फुटून निघताना जो जाहीरनामा काढला, त्यात राज्यांच्या सार्वभौमत्वाची चर्चा आहे खरी, पण उत्तरेकडील राज्ये केंद्राचा हा कायदा पाळत नाहीत हीच त्यातील मुख्य तक्रार आहे; न्यू यॉर्कमधून जाताना सोबतचे गुलाम नेऊ देत नाहीत, हीसुद्धा तक्रार आहे.

देशपांडेकाकांना मात्र हा सगळाच वाद बाजूला पडलेला वाटत होता. त्यांचे म्हणणे असे, की दोन्हीकडच्या टोकाच्या माणसांनी तोंडे आवरली असती तर युद्ध टळले असते. १८२० च्या मिसुरी तडजोडीने ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशावर रेघ ओढली, मिसुरीचा अपवाद वगळता त्या रेघेच्या उत्तरेला लुइझियाना खरेदीच्या, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेतलेल्या, मुलखात गुलामगिरी नाही असे ठरले, मिसुरीसोबत मेन हे राज्य आत घेऊन सिनेटमधला समतोल राखला गेला, आणि या व्यवस्थेने तीस वर्षांहून अधिक काळ शांतता टिकवली. ती रेघ पुसली ती इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांनी.

"काका, ती शांतता कोणाची, हे तुम्ही सांगत नाही," सुजाता म्हणाली. "१८३६ पासून आठ वर्षे गुलामगिरीविरुद्धचे अर्ज प्रतिनिधिगृहात चर्चेलाच घ्यायचे नाहीत असा नियम होता. तोंडे आवरण्याचा तुमचा उपाय त्यांनी करून पाहिला होता. त्याने माजी राष्ट्राध्यक्ष आणि तेव्हाचे प्रतिनिधी जॉन क्विन्सी ॲडम्स गप्प बसले नाहीत, उलट ज्यांना गुलामांची फिकीर नव्हती ते लोकही आपला अर्जाचा हक्क गेला म्हणून चिडले."

तरीही काकांचे म्हणणे मला अर्धे पटते. १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा डग्लस यांनी आणला तो गुलामगिरी हवी की नको हे तिथल्या रहिवाशांनी मतदानाने ठरवावे या तत्त्वावर, आणि हे तत्त्व कागदावर लोकशाहीचेच दिसते. प्रत्यक्षात मात्र मिसुरीतून टोळ्यांनी सीमा ओलांडून बेकायदा मतदान केले, कॅन्ससमध्ये दोन प्रतिस्पर्धी सरकारे उभी राहिली, गावे जाळली गेली आणि माणसे मारली गेली. मे १८५६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांना, कॅन्ससवरच्या त्यांच्या भाषणाबद्दल, साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स यांनी सिनेटच्या सभागृहातच काठीने बडवून रक्तबंबाळ केले. बोलण्याची जागा म्हणून जे सभागृह उरले होते, तेही तिथे संपले. पुढच्याच वर्षी ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांच्या न्यायालयाने सांगितले की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक असू शकत नाही, आणि राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार संसदेला मुळीच नव्हता. रेघ डग्लस यांनी पुसली होती. ती पुन्हा ओढताच येणार नाही अशी व्यवस्था या निकालाने केली.

यातले खरे मर्म, माझ्या मते, त्या प्रदेशांमध्येच होते. १८६० मध्ये देशाच्या सुमारे ३ कोटी १४ लाख लोकसंख्येपैकी जवळपास ४० लाख माणसे गुलाम होती, देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता (आणि युद्धाने तो कापूस अडकताच मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कसे पैसे केले आणि १८६५ मध्ये कसे गमावले, हे काकांनी सांगितलेच), परंतु सिनेटमध्ये १८ गुलामीमुक्त राज्यांसमोर गुलामगिरीची राज्ये १५ च उरली होती. नवा प्रदेश मिळाला नाही तर ही दरी वाढत जाणार हे दोन्ही बाजूंना कळत होते. म्हणूनच एप्रिल १८६० मध्ये चार्ल्सटनच्या अधिवेशनात दक्षिणेच्या डेमोक्रॅट प्रतिनिधींनी नव्या प्रदेशांत गुलामगिरीला केंद्राने कायद्याने संरक्षण द्यावे अशी मागणी केली, आणि ती नाकारली जाताच त्यांच्यापैकी अनेक जण उठून गेले. पक्ष दुभंगला आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरण्याला विरोध असलेले रिपब्लिकन लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

काकांचा शेवटचा मुद्दा असा होता, की त्याच हिवाळ्यात केंटकीचे सिनेटर क्रिटेंडन यांनी जुनी रेघ थेट पॅसिफिकपर्यंत नेण्याची योजना मांडली होती, ती लिंकन यांनी का नाकारली. सुजाताने उत्तर दिले, की त्या योजनेत रेघ केवळ असलेल्या मुलखाला नव्हे, तर पुढे मिळवल्या जाणाऱ्या मुलखालाही लागू होती, आणि दक्षिणेच्या पुढाऱ्यांचा क्यूबावर डोळा होता हे लपलेले नव्हते. याउलट ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तिथे केंद्र कधीही हात घालणार नाही, अशी घटनादुरुस्ती मार्च १८६१ मध्ये संसदेने मंजूर केली आणि लिंकन यांनी पदग्रहणाच्या भाषणात तिला आपली हरकत नसल्याचे सांगितले. तोवर सात राज्ये फुटली होती. त्यांपैकी एकही परतले नाही.

मिलिंदने तेव्हा आपला सर्वांत भक्कम मुद्दा काढला, जो त्याने आधीच काढायला हवा होता. व्हर्जिनिया, आर्कान्सा, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना ही चार राज्ये लिंकन निवडून आल्यावर नव्हे, तर फोर्ट सम्टर या केंद्राच्या किल्ल्यावर दक्षिणेने केलेल्या माऱ्यानंतर लिंकन यांनी ७५,००० स्वयंसेवक मागवले तेव्हा बाहेर पडली. त्यांच्यापुरता तरी प्रश्न राज्यांवर बळजबरी करण्याचा होता, असे तो म्हणाला, आणि हे नाकारता येत नाही. सुजाताने त्याला एवढेच विचारले, की मग त्याच व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडील डोंगराळ जिल्ह्यांनी, जिथे गुलाम थोडे होते, वेगळे होण्याचे ठरवले तेव्हा त्यांचा तो हक्क रिचमंडच्या सरकारने का मानला नाही. वेस्ट व्हर्जिनिया १८६३ मध्ये स्वतंत्र राज्य झाले ते उत्तरेच्या बाजूने. मिलिंद म्हणाला की ते प्रकरण घटनेच्या दृष्टीने उत्तरेलाही अडचणीचे होते, आणि यावर सुजाताने पहिल्यांदाच मान डोलावली.