बस फुकट केली म्हणून लोकांनी गाड्या सोडल्या?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मजकूर गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा आला. त्यात लिहिलंय: ‘युरोपने बस-ट्राम फुकट केली आणि लोकांनी गाड्या विकल्या. टॅलिनचे रस्ते मोकळे झाले, लक्झेंबर्गची कोंडी संपली, डंकर्कमध्ये प्रवासी प्रचंड वाढले. व्हिएन्नाने दिवसाला एक युरो भाडं केलं आणि अख्खं शहर ट्राममध्ये बसलं. तिकिटाचे पैसे तसेही किरकोळच असतात. मग पुण्यात हे का होत नाही?’

मी व्हिएन्नात राहते, गाडी नाही, रोजचं सगळं येणंजाणं ट्राम आणि मेट्रोने. सार्वजनिक वाहतूक वाढावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा मजकूर नुसता वाचून सोडवेना. शहरांची नावं खरी आहेत. त्यातून काढलेला अर्थ चुकलाय.

सुरुवात टॅलिनपासून, कारण सगळे त्याचाच दाखला देतात. एस्टोनियाच्या या राजधानीत मार्च 2012 मध्ये सार्वमत झालं, चारातल्या तिघांनी होकार दिला आणि 1 जानेवारी 2013 पासून शहरात नोंद असलेल्या रहिवाशांना प्रवास मोफत झाला. बाहेरच्यांना तिकीट आहेच. रहिवाशांनाही हिरवं कार्ड यंत्राला टेकवावं लागतं. यामागे हिशेब होता. तिथे आयकराचा काही वाटा तुमची नोंद ज्या पालिकेत आहे तिला मिळतो. आधी शहरात राहूनही नोंद गावाकडे ठेवणाऱ्या हजारो लोकांनी फुकट प्रवासासाठी ती टॅलिनला आणली, आणि तिकिटाचा बुडालेला पैसा पालिकेने बराचसा तिथून भरून काढला. हा मार्ग पुण्याला उपलब्धच नाही, कारण आपला आयकर पालिकेच्या तिजोरीत जात नाही.

आणि रस्ते? वर्षभराने संशोधकांनी मोजलं तेव्हा सार्वजनिक वाहतुकीचा वापर 14 टक्क्यांनी वाढला होता. पण सर्वांत मोठी घट गाड्यांत नव्हे, चालण्यात झाली होती: पायी जाण्याचा वाटा सुमारे 40 टक्क्यांनी खाली आला. दोन थांब्यांचं अंतर आधी चालणारा माणूस आता बसमध्ये चढू लागला. 2021 मध्ये एस्टोनियाच्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी स्पष्ट लिहिलं की मोफत प्रवासाने गाड्यांचा वापर कमी करण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. कामावर गाडीने जाणारे उलट वाढले होते. कमी उत्पन्नाच्या लोकांचं फिरणं मात्र सोपं झालं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. त्यासाठी कुणी भाडं माफ करणार असेल तर जरूर करावं. फक्त त्याला कोंडीवरचा इलाज म्हणू नये.

लक्झेंबर्गचं थोडक्यात सांगते. 29 फेब्रुवारी 2020 पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग मोफत आहे. त्या वेळचे वाहतूकमंत्री फ्रांस्वा बॉश स्वतःच याला मुख्यतः सामाजिक उपाय म्हणत होते. फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून दोन लाखांहून जास्त माणसं रोज कामाला येतात, त्यातली पुष्कळशी गाडीने. कोंडी आहे तिथेच आहे.

फ्रान्समधल्या डंकर्कमध्ये प्रवासी खरंच भरपूर वाढले. पण 1 सप्टेंबर 2018 ला तिकीट गेलं त्याच वेळी मार्गांची सगळी आखणी नव्याने झाली होती. पाच मुख्य मार्गांवर दर दहा मिनिटांनी बस सुरू झाली. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या तर श्रेय एकटीला कसं देणार? बेल्जियमच्या हॅसेल्टचीही तीच गोष्ट. 1997 मध्ये तिथे बस मोफत झाली, सोबत बसगाड्या आणि मार्ग कित्येक पटींनी वाढले, प्रवासी दहापटीहून जास्त झाले. पुढे खर्च झेपेना, आणि 2013 नंतर बहुतेकांना पुन्हा तिकीट काढावं लागलं. हॅसेल्टचा हा शेवट फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

‘तिकिटाचे पैसे किरकोळ’ हे लक्झेंबर्ग, डंकर्कला लागू आहे. दोन्हीकडे भाड्यातून खर्चाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमीच निघत होता. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या परिसरात मात्र निम्म्याहून जास्त खर्च प्रवाशांकडून येतो. तिथे तिकीट माफ करायचं तर आधी तेवढा पैसा दुसरीकडून आणावा लागेल, आणि नाही आणला तर पहिली कात्री रात्रीच्या आणि रविवारच्या फेऱ्यांना लागेल.

आता माझं शहर. 2012 मध्ये वार्षिक पास 449 वरून 365 युरोंवर आणला. पासधारक दुपटीने वाढले, 2018 पर्यंत आठ लाखांवर गेले. पण एकूण प्रवासातला सार्वजनिक वाहतुकीचा वाटा 1993 मध्ये 29 टक्के होता आणि 2012 मध्ये 39. म्हणजे खरी चढण पास स्वस्त होण्याआधीच झाली होती, मेट्रो लांबवत नेण्याच्या वर्षांत. 2019 मध्ये तो 38 होता. आणि 2026 पासून पासच 467 युरोंचा झालाय.

गाडीवाल्यांवर काय परिणाम करतं ते मी माझ्या खिडकीतून पाहिलंय. मी फ्लोरिड्सडॉर्फला, मेट्रोच्या एका टोकाला राहते. सकाळी साडेसातच्या आत आमची गल्ली कोर्नॉयबुर्ग आणि मिस्टेलबाखच्या नंबरप्लेटांनी भरायची. लोक शेजारच्या जिल्ह्यांतून यायचे, गाडी फुकट लावायचे आणि मेट्रोने आत जायचे. 1 मार्च 2022 पासून जवळपास सगळ्या शहरात गाडी लावण्यावर बंधन आलं: रहिवाशाला परवाना, बाकीच्यांना पैसे भरून जास्तीत जास्त दोन तास. त्या आठवड्यात सकाळी गल्लीच्या कडेचा डांबरी पट्टा मला पहिल्यांदा दिसला. मेट्रोचं भाडं तेच होतं.

म्हणून ग्रुपवर उत्तर देताना मी झुरिकमध्ये काढलेला एक छोटा व्हिडिओ टाकला. तिथल्या मतदारांनी 1973 मध्ये भुयारी मेट्रोचा प्रस्ताव फेटाळला आणि 1977 मध्ये ट्राम-बसला रस्त्यावर प्राधान्य देण्यासाठी 20 कोटी फ्रँक मंजूर केले. ट्राम चौकाजवळ आली की सिग्नल यंत्रणेला आपोआप कळतं. व्हिडिओत एवढंच आहे: निळी-पांढरी ट्राम येते, ती चौकात पोचायच्या आत आडव्या रस्त्याचा दिवा लाल होतो, गाड्यांची रांग थांबते आणि ट्राम वेग कमी न करता निघून जाते. त्या शहरात अर्ध्याहून जास्त घरांत गाडी नाही.

मामेभावाने लगेच विचारलं, तिकीट केवढ्याचं? चार फ्रँकहून जास्त, म्हणजे चारशे रुपयांच्या वर, मी लिहिलं. आणि डबा भरलेला होता, दारापर्यंत.