दुसरी बाटली न दिल्याच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. महिनाभर हळद-सालईच्या कॅप्सूल घेऊनही शिंका थांबल्या नाहीत, आत नुसती हळदपूड भरलेली असते, आणि दुसरी बाटली मागितल्यावर आमच्या माणसाने चालू औषधांची चौकशी करून ती दिलीच नाही, अशा तुमच्या तक्रारी आहेत. वर "झाडपाल्याला कसले आलेत साइड इफेक्ट?" हा सवालही आहे. आधी त्याचंच बोलतो.

दम्यासाठी थिओफिलिनची गोळी चालू असल्याचं तुम्हीच सांगितलंत. ते ऐकून त्याने बाटली परत ठेवली, ते योग्यच केलं. हळदीतलं कामाचं द्रव्य, कर्क्युमिन, आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून या कॅप्सूलमध्ये काळ्या मिरीतलं पायपेरिन घातलेलं असतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर कर्क्युमिनचं शोषण सुमारे २० पट वाढलं होतं. आता गोम अशी, की आतड्यातली आणि यकृतातली जी विकरं औषधांचा निचरा करतात, त्यांनाच पायपेरिन आवर घालतं. मग थिओफिलिनही रक्तात जास्त साठतं. या औषधाच्या गुणकारी आणि त्रासदायक मात्रेत अंतर जेमतेम: आधी मळमळ, धडधड, फारच चढलं तर झटके. झाडपाल्याचंच दुसरं उदाहरण द्यायचं तर ज्येष्ठमधही काही दिवस सलग घेतलं की रक्तदाब वाढवू शकतं, पोटॅशियम उतरवू शकतं. तेव्हा चौकशी होणारच, कितीही गर्दी असली तरी.

शिंकांचं म्हणाल, तर वेष्टनावर आम्ही सांध्यांच्या सुजेपलीकडे काही लिहिलेलं नाही. सालईतली बोस्वेलिक आम्लं ल्युकोट्राइन (शरीरातलं सूज वाढवणारं रसायन) तयार करणाऱ्या विकराला अडवतात. ॲलर्जीत ल्युकोट्राइनचाही हात असतो, हे खरं. पण शिंका आणि नाकाची खाज मुख्यतः हिस्टामिन या दुसऱ्या रसायनामुळे. सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी तासा-दोन तासांत जे करते, ते या कॅप्सूलकडून होईल असं मी कुणालाच सांगणार नाही.

हळदपुडीचा आरोप मात्र मान्य नाही. साध्या पुडीत कर्क्युमिनॉइड्स (कर्क्युमिन आणि त्याची भावंडं) साधारण ३ टक्के असतात, आमच्या हळदीच्या अर्कात ९५ टक्के. म्हणजे ५०० मिलिग्रॅम अर्काइतकं मिळवायला पंधरा-सोळा ग्रॅम पूड फाकावी लागेल. बॅचचा तपासणी अहवाल काउंटरवर मागा, दाखवू.

तुमच्या डॉक्टरांना कॅप्सूलचं लेबल दाखवा, पायपेरिनच्या ओळीवर बोट ठेवून विचारा. त्यांनी लेखी होकार दिला तर बाटली देऊ, तोवर नाही. आणि दम्याची गोळी किंवा पंप आपल्या मनाने बंद करू नका, ही विनंती.