जखमी माणूस आधी, पंचनामा नंतर

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 66 मध्ये पोलिसांची जनतेप्रती असलेली कर्तव्ये दिलेली आहेत आणि त्यातले अगदी पहिले कर्तव्य आहे ते रस्त्यावर असमर्थ किंवा असहाय अवस्थेत सापडलेल्या माणसाला आपल्याकडून होईल ती सर्व मदत करण्याचे. लगेच पुढच्या खंडात, अटकेत वा कोठडीत असलेली व्यक्ती जखमी किंवा आजारी असेल तर तिला तातडीने मदत मिळवून देण्याचे कर्तव्य येते. कायदा सत्तर वर्षांहून जुना आहे आणि त्याची भाषाही स्पष्ट आहे. तरीही एखाद्या हवालदाराने अपघातग्रस्ताला वेळेत दवाखान्यात पोहोचवले की 'खाकी वर्दीतील माणुसकी' अशा मथळ्याखाली त्याचा फोटो छापून येतो. त्या हवालदाराचे कौतुक जरूर व्हावे, माझा त्याला विरोध नाही. पण कायद्याने नेमून दिलेले काम आपण सगळेच मनाच्या मोठेपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो आणि मग ज्याने ते केले नाही, त्याला जाब विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

जानेवारी 2018 मध्ये उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरमध्ये मोटारसायकलच्या अपघातात सतरा वर्षांची दोन मुले गंभीर जखमी झाली. पोलिसांची गाडी घटनास्थळी आलेली होती. लोक विनवण्या करत होते, आणि गाडी रक्ताने खराब होईल या कारणावरून पोलिसांनी त्या मुलांना गाडीत घेण्यास नकार दिल्याचे चित्रीकरण नंतर देशभर पाहिले गेले. दोन्ही मुले दगावली आणि तीन पोलीस निलंबित झाले. त्या तिघांना निर्दयी म्हणून विषय संपवता येईल, परंतु मला तसे करावेसे वाटत नाही. गाडीची आसने धुऊन निघतात हे त्यांना कळत नव्हते, असे नाही. जखमीला वाचवणे हेच आत्ता आपले काम आहे आणि ते न केल्यास आपल्याला उत्तर द्यावे लागेल, याची जाणीव त्यांच्या नोकरीने त्यांना कधी करून दिली होती का, हा मला खरा प्रश्न वाटतो.

आपल्याकडे जखमी माणूस पोलिसांसमोर येतो तो आधी एक प्रकरण म्हणून. हद्द कोणत्या ठाण्याची, मेडिकल यादी म्हणजे रुग्णालयाला तपासणीसाठी द्यायचे पोलिसांचे पत्र कोण देणार, जबाब कोण घेणार, वाहन हलवण्यापूर्वी पंचनामा झाला की नाही, या प्रश्नांना पोलीस ठाण्यात जे वजन आहे ते रक्तस्रावाला नाही. ही रीत केवळ पोलिसांची नव्हती, डॉक्टरांचीही होती. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली, जवळच्या रुग्णालयाने पोलीस केस घेत नसल्याचे सांगून त्याला सुमारे वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे धाडले आणि वाटेतच त्याचा प्राण गेला, अशा बातमीवरून दाखल झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली निकाल दिला. जीव वाचवणे हे पहिले कर्तव्य असून कायदेशीर सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत, असे त्यात राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, आधार घेऊन सांगितले गेले. तो निकाल प्रामुख्याने डॉक्टरांना उद्देशून होता. पण राज्यसंस्थेच्या वतीने त्या जखमीजवळ बहुतेक वेळा सर्वांत आधी पोहोचतो तो पोलीस, आणि त्याला हे तत्त्व कमी लागू कसे होईल?

यावर नेहमीचे उत्तर असते की पुरावा नष्ट होईल. काही वर्षांपूर्वी सोलापूर महामार्गावर एका अपघातानंतर मी थांबलो होतो, तेव्हा बंदोबस्ताहून परतणाऱ्या एका महिला पोलीस शिपायाने काय केले ते जवळून पाहिले. मोटारसायकलस्वाराच्या मांडीतून रक्त वाहत होते. तिने गर्दीतल्या एकाचा गमछा मागून घेतला, त्याची जाड घडी जखमेवर ठेवली आणि तळहाताच्या टाचेने दोन्ही हातांचा भार देऊन दाबून धरली. कोणीतरी जखमीला उठवून पाणी पाजायला आला, त्याला तिने थांबवले आणि मान हलू देऊ नका, हेल्मेट ओढू नका, असे बजावले. एका मुलाला तिने मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढायला लावले, दुसऱ्याला जागेची खूण म्हणून मोटारसायकलच्या दोन्ही चाकांपाशी दगड ठेवायला सांगितले आणि मगच ती बाजूला घ्यायला लावली. रुग्णवाहिका येईपर्यंत तिने हात काढला नाही. पंचनाम्याला लागणारे जवळपास सगळे तिथे उरले होते. पुरावा आणि प्राण यांतले एकच निवडावे लागेल अशी वेळ फार क्वचित येते.

पोलिसांच्या अडचणी खऱ्या आहेत. बारा-बारा तासांची ड्युटी, ठाण्याला पुरेशी वाहने नसणे, गाडीत हातमोजे वा स्ट्रेचर नसणे, जखमी आपल्या गाडीत दगावला तर नातेवाइकांचा रोष आपल्यावर येईल ही भीती, हे सारे मी मान्य करतो. शिवाय मणक्याला मार लागलेल्या माणसाला जीपच्या मागच्या बाकावर कोंबणे घातक ठरू शकते आणि 108 ची रुग्णवाहिका पाच मिनिटांवर असेल तर थांबणेच शहाणपणाचे असते. पण तो निर्णय घेण्यासाठी शिक्षण लागते. महाराष्ट्र महामार्ग पोलिसांनी 2021 मध्ये 'मृत्युंजय दूत' योजना सुरू करून महामार्गालगतच्या गावांतील आणि ढाब्यांवरील लोकांना अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी तयार करण्याचे फार चांगले काम हाती घेतले. ढाब्यावरच्या माणसाकडून जी अपेक्षा आपण करतो, ती गस्तीवरच्या प्रत्येक पोलिसाकडून, म्हणजे बीट मार्शलकडून, करण्यात आणि त्यासाठी त्याला दरवर्षी उजळणी देण्यात अवघड असे काहीच नसावे.

या कर्तव्याची खरी कसोटी मात्र अपघातात लागत नाही. जखमी माणूस आरोपी असतो, किंवा खुद्द पोलिसांच्याच गोळीने जखमी झालेला असतो, तेव्हा ती लागते. मुंबईतल्या चकमकींवरून उभ्या राहिलेल्या पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी जी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली, त्यांत चकमकीत जखमी झालेल्याला वैद्यकीय मदत दिलीच पाहिजे असे एक सूत्र आहे. त्याच्याही आधी, सर्वोच्च न्यायालयाच्याच 1996 च्या डी. के. बसू निकालाने अटकेच्या वेळी आरोपीच्या अंगावरील जखमांची नोंद आणि कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरवली होती. तरीही जुलै 2018 मध्ये राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात गोतस्करीच्या संशयावरून जमावाने बेदम मारलेल्या एका माणसाला सुमारे सहा किलोमीटरवरच्या रुग्णालयात पोहोचवायला पोलिसांना जवळपास तीन तास लागले, आधी गाईंची व्यवस्था लावली गेली, आणि रुग्णालयात आणले तेव्हा तो मृत होता. त्याच्यावर काय आरोप होता याच्याशी त्या तीन तासांचा काडीचाही संबंध नाही. संशयिताला मदत मिळालीच पाहिजे असे म्हणणाऱ्याला गुन्हेगारांचा कैवारी ठरवण्याची सवय आपल्यालाही लागली आहे, आणि पोलीस शेवटी समाज काय खपवून घेतो तेवढेच पाहतात.

सामान्य नागरिकाला जखमीजवळ जाण्याची भीती वाटू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाला 2016 मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशन या रस्ते सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक करावी लागली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आले. मदत करणाऱ्याला आता नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही भीती प्रामुख्याने चौकशीच्या ससेमिऱ्याची होती, हे पोलीस दलाने मनाला लावून घ्यायला हवे. मे 2025 पासून रस्ते अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचारांची केंद्र सरकारची योजना लागू झाली आहे. त्यातही अपघाताची खातरजमा पोलिसांनीच संगणक प्रणालीवर करायची असल्याने त्यांची जबाबदारी रस्त्यावरून आता संगणकापर्यंत वाढली आहे.

माझी मागणी साधी आहे. जखमीच्या प्रत्येक प्रकरणात पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत चार गोष्टींची वेळ नोंदवली जावी: खबर मिळाल्याची, पोलीस पोहोचल्याची, पहिली मदत सुरू झाल्याची आणि जखमी रुग्णालयात दाखल झाल्याची. या नोंदी दर महिन्याला पोलीस अधीक्षकांसमोर जाव्यात, विलंब झाला असेल तिथे कारण लेखी मागितले जावे, आणि नातेवाइकांनी मागितल्यास त्यांना त्या नोंदींची प्रत माहिती अधिकाराचा अर्ज करायला न लावता ठाण्यातच मिळावी.