पिशवी, तेल, बूस्टर आणि पावसात जाणारा टीव्ही

जून लागला की तो फॉरवर्ड हमखास येतो. पावसात टीव्ही जाऊ नये म्हणून छत्रीच्या एलएनबीला, म्हणजे तबकडीसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, प्लास्टिकची पिशवी बांधा, तबकडीला खोबरेल तेल चोळा, केबलला बूस्टर लावा, जमल्यास मोठी डिश घ्या. एवढं करूनही चित्र अडकलं तर समजा, नवं पॅकेज घ्यावं म्हणून कंपनीच सिग्नल कमी करते आहे. यातला एकच सल्ला बरा आहे.

आधी पिशवी. एलएनबीच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी मुळातच असते. वरून बांधलेल्या पिशवीच्या सुरकुत्यांत पाणी अडकतं, तेही तबकडीने गोळा केलेला सगळा सिग्नल जिथे एकवटतो नेमकं तिथे. टोपीला तडा गेला असेल तर एलएनबी बदला.

तेलामागचा तर्क असा की तबकडीवर थेंब थांबले नाहीत तर टीव्ही थांबणार नाही. पण जास्त सिग्नल खातो तो वाटेतला पाऊस. डीटीएचच्या लहरी १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, लांबीने जेमतेम अडीच सेंटिमीटर. ताशी ५० मिलिमीटरच्या सरीत त्यांची दर किलोमीटरला साधारण ४० टक्के शक्ती जाते, आणि पावसातून त्यांना असे काही किलोमीटर तिरकं यावं लागतं. तेलाला धूळ तेवढी चिकटेल.

मग साध्या भुरभुरीत आपला टीव्ही जातो आणि शेजाऱ्यांचा चालतो, तो का? फॉरवर्डमध्ये नसलेलं खरं कारण इथे आहे. जुन्या अँटेनावर सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, माणूस सावध व्हायचा. डिजिटलमध्ये चुका आतल्या आत दुरुस्त होतात, त्यामुळे सिग्नल निम्म्यावर आला तरी चित्र लख्ख दिसतं. ही जादा सिग्नलची सगळी शिल्लक संपली की मग एकदम चौकोन-चौकोन. म्हणजे भुरभुरीत जाणाऱ्या टीव्हीची शिल्लक उन्हाळ्यातच संपलेली असते.

ती खाणाऱ्या गोष्टी अगदी साध्या. ६० सेंटिमीटरची तबकडी दीडेक अंश सरकली की जवळजवळ निम्मा सिग्नल गेला, आणि गंजलेला खांब वाऱ्याने तेवढा सहज कलतो. केबलच्या टोकाच्या कनेक्टरमधून पाणी शिरतं, तांब्याची तार हिरवी पडते. चिकटपट्टी गुंडाळून दिलेले जोड तर विचारूच नका. झाडांचंही तसंच. या तबकड्या दिसतात त्यापेक्षा बऱ्याच वर पाहत असतात. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मुंबईतून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर येतो. त्यामुळे समोरचा माड बऱ्याचदा निर्दोष असतो आणि डोक्यावर वाढलेली आंब्याची फांदी गुन्हेगार निघते.

तपासणी कोरड्या दिवशी करा. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन आकडे असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. क्वालिटी पाहा. स्ट्रेंग्थ भरलेली आणि क्वालिटी पडलेली असेल तर आधी छत्रीची दिशा तपासायची. कनेक्टर काढण्याआधी बॉक्सचं बटण बंद करा, त्या केबलमधूनच एलएनबीला वीज जाते. पावसात पत्र्यावर चढू नका, मालिका काही पळून जात नाही. नवी केबल ओढलीत तर कनेक्टरजवळ खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी आत न जाता तिथून टपकेल.

बूस्टरने सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढतो. एलएनबीत वर्धक आधीच असतो. तिथे जे हरवलं ते खाली वाढवून परत येत नाही. केबल फारच लांब असेल तरच त्याचा उपयोग.

मोठी डिश मात्र खरंच कामाची. ६०ऐवजी ९० सेंटिमीटरची घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, शिल्लकही तेवढीच वाढते. कोकणात, घाटमाथ्यावर जरूर विचार करा, पण खांब भक्कम हवा, कारण मोठी तबकडी वाराही जास्त धरते आणि थोडं सरकणंही तिला कमी सोसतं.

राहिला कंपनीचा कट. उपग्रहाचा एकच झोत देशाच्या मोठ्या भागावर पडतो. त्यातून एका बिऱ्हाडापुरता सिग्नल मंद करता येत नाही. पैसे संपले तर वाहिनी कुलूपबंद होते आणि पडद्यावर तसा संदेश येतो, चित्राचे चौकोन होत नाहीत. आणि ढगफुटीसारख्या पावसात सगळ्या आळीचाच टीव्ही गेला असेल, तर सर ओसरेपर्यंत थांबा. त्यावर छपरावर करण्यासारखं काही नाही.