त्या संघाचे दहा गुण

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. एका शाळेच्या हॉलमध्ये आंतरशालेय विज्ञान प्रश्नमंजूषा चालू होती आणि प्रश्न विचारायला मी होते. शेवटून दुसरी फेरी. माझ्या हातातल्या कागदावर प्रश्न होता, "हेलियमचा शोध महाराष्ट्रातल्या कोणत्या किल्ल्यावरून लागला?" पुढे कंसात उत्तर : विजयदुर्ग. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी १८६८ चं सूर्यग्रहण या किल्ल्यावरून पाहताना सूर्याच्या प्रकाशातल्या रेषांवरून हेलियम शोधला, असं आपल्याकडे सांगतात.

ब संघातल्या आठवीच्या मुलीनं बझर दाबला आणि म्हणाली, "कुठल्याच नाही."

हॉलमध्ये हशा झाला. मी प्रश्न पुढच्या संघाकडे दिला, त्यांनी विजयदुर्ग सांगितलं, टाळ्या पडल्या. ती मुलगी उभीच होती. म्हणाली, "मॅडम, लॉकयर यांनी तर ग्रहण नसतानाही त्या रेषा दिसतात हे दाखवलं ना? मग ते ग्रहणासाठी इथे कशाला येतील?" मी म्हटलं, बाळा, उत्तरपत्रिकेत विजयदुर्ग आहे, आपल्याला पुढे जायला हवं. ती खाली बसली. ब संघ पाच गुणांनी दुसरा आला.

घरी आल्यावर झोप लागली नाही. त्या मुलीनं पाठ केलेलं उत्तर दिलं नव्हतं, विचार करून दिलं होतं, आणि तिच्या विचारात मला कुठे चूक सापडत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी वाचायला बसले.

१८ ऑगस्ट १८६८ चं ते खग्रास सूर्यग्रहण. सावलीचा पट्टा कोकणातून वर चढून विजापूर, पटवर्धनांची जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टणम असा गेला. ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेला ज्या लालसर ज्वाळा दिसतात त्या नक्की कशाच्या, हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. स्पेक्ट्रोस्कोप हे उपकरण तेव्हा नवं होतं. प्रकाश त्यातून पाहिला की त्याचे रंग वेगळे होतात आणि कोणतं मूलद्रव्य जळतंय किंवा तापलंय ते रेषांवरून ओळखता येतं. ग्रहण आणि स्पेक्ट्रोस्कोप यांची अशी गाठ पडण्याची ही पहिली मोठी संधी होती, म्हणून युरोपातले लोक एवढा प्रवास करून आले. फ्रान्सचे ज्यूल जान्सन गुंटूरला होते. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू. ज्वाळांच्या प्रकाशात ठळक रेषा दिसल्या, म्हणजे त्या तापलेल्या वायूच्या आहेत हे ठरलं. त्यात एक पिवळी रेषाही होती. बहुतेकांनी ती सोडियमची धरली.

जान्सन यांना रेषा इतक्या झळझळीत दिसल्या की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसायला हव्यात असं त्यांच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुर्बीण सूर्याच्या कडेवर लावली, आणि रेषा होत्या.

आता नॉर्मन लॉकयर. हे गृहस्थ लंडनमध्ये युद्ध खात्यात कारकून, खगोलशास्त्र फावल्या वेळचं. ग्रहण नसताना ज्वाळा पाहता येतील ही कल्पना त्यांच्या डोक्यात आधीपासून होती, पण हवा तसा स्पेक्ट्रोस्कोप तयार होऊन त्यांच्या हाती आला तो ऑक्टोबरात. २० ऑक्टोबर १८६८ ला त्यांनी लंडनमधूनच त्या रेषा पाहिल्या. त्यांचं आणि जान्सन यांचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचलं गेलं. पुढे फ्रेंच सरकारनं दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर बसत नाही, हे लॉकयर यांनी मोजून दाखवलं आणि सूर्यावर काहीतरी नवीन मूलद्रव्य आहे असं म्हणायचं धाडस केलं.

म्हणजे १८ ऑगस्टला लॉकयर विजयदुर्गावर नव्हते. आठवीतली मुलगी बरोबर होती.

विजयदुर्गाबद्दल मला प्रेम आहे. किल्ल्यात "साहेबाचे कट्टे" म्हणून दाखवतात ते मी पाहिलेत, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो हेही मला आवडतं. त्या निमित्तानं मुलं आकाशाकडे बघत असतील तर चांगलंच आहे. माझी तक्रार किल्ल्याशी नाही, माझ्या हातातल्या कागदाशी आहे. तो कागद मी एका पुस्तकावरून उतरवला होता, त्या पुस्तकानं दुसऱ्यावरून. मध्ये कुणीही थांबून "लॉकयर तेव्हा होते कुठे?" एवढं विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय आणि ते मी प्रत्येक शाळेत, प्रत्येक संयोजकासमोर मांडते. विज्ञानाचा प्रश्न म्हणून आपण जे विचारतो त्यातलं बरंचसं विज्ञान नसतंच. कोणी लावला, कधी लावला, सर्वात मोठा कोणता, एकमेव कोणता. ही नावनोंदणी झाली. मूल ती पाठ करतं, बक्षीस घेतं आणि विसरतं. उलट उत्तर कळल्यावर ज्याच्या मागे जावंसं वाटतं असा एक प्रश्न दहा प्रश्नांच्या तोडीचा असतो.

हेलियमचंच घ्या. वरण उतू आलं की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे प्रत्येक घरातल्या मुलानं पाहिलेलं असतं. ती पिवळी का होते, हे विचारा. वरणात मीठ आहे, मिठात सोडियम आहे, आणि तापलेला सोडियम पिवळा प्रकाश देतो. बारकाईनं पाहिलं तर जवळजवळ असलेल्या दोन रेषा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला (प्रकाशाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात). सूर्यावरच्या त्या अनोळखी वायूची रेषा ५८७.६ ला. जेमतेम दीड नॅनोमीटरचा फरक! तेवढ्या फरकावर एक माणूस अडून बसला म्हणून नवीन मूलद्रव्य सापडलं. मी हल्ली स्पर्धेला जाताना स्पिरिटचा दिवा, चिमूटभर मीठ आणि जुन्या सीडीचे तुकडे घेऊन जाते. दिव्यावर मीठ टाकायचं, सीडीत त्याचं प्रतिबिंब पाहायचं. मेणबत्तीचा सगळा रंगपट्टा दिसतो, मिठाच्या ज्योतीत मात्र पिवळाच उठून दिसतो. दीड नॅनोमीटरचा फरक सीडीत अर्थातच कळत नाही, पण लॉकयर काय मोजत होते ते मुलांच्या लक्षात येतं.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, सगळ्यांच्या शेवटी "ऑन", मग त्याच घरातल्या हेलियमच्या शेवटी "इयम" का? कारण नाव ठेवलं तेव्हा तो धातू असेल असं वाटलं होतं, सोडियम, कॅल्शियमसारखा. पृथ्वीवर तो हाती लागायला १८९५ साल उजाडलं. विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट नावाच्या खनिजावर आम्ल टाकलं, बुडबुडे आले, तो वायू तपासला तर तीच पिवळी रेषा. सूर्यावर दिसलेला पदार्थ दगडात बसलेला! आणि क्लेव्हाइट हे युरेनियमचं खनिज, यातच सगळी गंमत आहे. युरेनियममधून अल्फा कण बाहेर पडतात, आणि अल्फा कण म्हणजे हेलियमच्या अणूचा गाभा. रदरफोर्ड आणि रॉयड्स यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार सुंदर वाटतो. काचेची नळी इतकी पातळ केली की अल्फा कण तिच्यातून आरपार जातील पण वायू अडेल. आत किरणोत्सारी वायू भरला, बाहेरची पोकळी आधी रिकामी करून घेतली. दोन दिवसांनी बाहेरच्या पोकळीत विजेची ठिणगी सोडली तर वर्णपटात तीच पिवळी रेषा. फुग्यात भरायचा हेलियम जमिनीखालच्या युरेनियम, थोरियममधून असाच कणाकणानं, कोट्यवधी वर्षं साठत आलेला असतो. हे ऐकल्यावर हॉलमध्ये जी शांतता होते ती "विजयदुर्ग" या उत्तरानंतर कधीच झाली नव्हती.

विज्ञान दिनाचंही तेच. २८ फेब्रुवारी का, असं विचारलं की अर्ध्या शाळा "सी. व्ही. रामन यांचा वाढदिवस" सांगतात. वाढदिवस ७ नोव्हेंबरचा. २८ फेब्रुवारी १९२८ हा रामन परिणामाचा, म्हणजे पदार्थात विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो या शोधाचा दिवस. पण तारीख दुरुस्त करून थांबू नका हो. समुद्र निळा का, हा प्रश्न रामन यांना १९२१ मध्ये युरोपातून परतताना नारकुंडा बोटीवर पडला होता. आकाशाचं प्रतिबिंब म्हणून निळा, असं लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मोठ्या माणसाचं म्हणणं. रामन यांच्याकडे एक निकॉल प्रिझम होतं. पाण्यावरून ठरावीक तिरक्या कोनात परतणारा प्रकाश त्या प्रिझमनं अडवता येतो. त्यांनी तो अडवला. आकाशाचं प्रतिबिंब गेलं, निळाई राहिली, उलट जास्त खुलली. म्हणजे रंग पाण्यातूनच येत होता. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा तिथूनच त्यांनी ते "नेचर" नियतकालिकाला लिहून पाठवलं. हे "नेचर" १८६९ मध्ये सुरू करणारे संपादक कोण, तर आपले लॉकयर! हा धागा पहिल्यांदा हाती लागला तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात टाळी वाजवली होती.

"एकमेव"वर माझा विशेष राग आहे. लोणारबद्दल छापलेलं असतं, "बेसाल्ट खडकातलं जगातलं एकमेव उल्काविवर". ब्राझीलमध्ये वार्गेआव आहे, व्हिस्टा अलेग्रे आहे, तीही बेसाल्टमधलीच. वय सरसकट बावन्न हजार वर्षं लिहितात, पण अरगॉनच्या पद्धतीनं केलेलं नंतरचं मोजमाप सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं सांगतं. लोणारचं मोठेपण यानं कमी होतं का? १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आत खारं आणि अल्कधर्मी पाणी, जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं मीठप्रेमी सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचं दाखवलं. बुलढाण्याच्या मुलाला विचारायला एवढं असताना "एकमेव" कशाला हवं? "सर्वात उंच"चीही तीच कथा. समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर इक्वेडोरचं चिंबोराझो, कारण पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे. कुठून मोजायचं हे न सांगता प्रश्न विचारणं हा मुलांवर अन्याय आहे.

संयोजक म्हणतात, वेळ नसतो, रॅपिड फायरमध्ये एका शब्दात उत्तर लागतं. मान्य. एका शब्दाचं उत्तर असलेला चांगला प्रश्न काढता येतो की. सूर्याला बुध जवळ, तरी शुक्र जास्त तापलेला, कोणत्या वायूमुळे? कार्बन डायऑक्साइड. एकच उत्तर, पण मुलाला तिथवर विचार करत यावं लागतं. आणि माझ्या स्पर्धेत आता एक नियम आहे. कुणी हरकत घेतली तर घड्याळ थांबवायचं, कारण ऐकून घ्यायचं. कारण पटलं तर गुण द्यायचे, कागदावर काहीही लिहिलेलं असो. कार्यक्रम वीस मिनिटं लांबतो, चहा गार होतो. लांबू दे.

त्या वर्षीच्या गुणतक्त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. शाळेला मी तेव्हाच पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. ती मुलगी आता कॉलेजात असेल, कुठे आहे मला माहीत नाही. झेरॉक्सवर मी पेनानं दुरुस्ती केली आहे. ब संघ, अधिक दहा. दुसऱ्या संघाला दिलेले दहा वजा. नवी बेरीज शेजारी लिहिली आहे, आणि तिच्यापुढे १ हा आकडा.