रबराच्या ठोकळ्यांनी व्हॅनची उंची परत येत नाही

लोअर केलेली, म्हणजे मुद्दाम खाली बसवलेली कॅम्पर व्हॅन पुन्हा मूळ उंचीला कशी आणायची, याबद्दल एक सल्ला सतत फिरत असतो. तो थोडक्यात असा: “जुन्या स्प्रिंगा मऊ पडलेल्या असतात. त्यांच्या वेढ्यांमध्ये रबराचे ठोकळे ठोका किंवा खाली पॅकिंग द्या. जितकं पॅकिंग, तितकी गाडी वर. गॅसचे नवे शॉकअप टाकले की अजून उचलते. पुढे टॉर्शन बार असतील तर नुसता बोल्ट आवळा. अलाइनमेंटवर पैसे घालवू नका, गाडी तिच्या मूळ जागीच परत येते.”

यातलं टॉर्शन बारचं, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी दांडीचं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. बाकीची वाक्यं वाचून मला काळजी वाटते. कॅम्पर म्हणजे उंच, जड गाडी; आत कपाटं, पाण्याची टाकी, गॅसची टाकी आणि घरातली माणसं. तिच्या स्प्रिंगांशी असा खेळ करू नये.

पहिलं म्हणणं, स्प्रिंग मऊ पडते. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या व्यासावर, काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येवर आणि पोलादाच्या जातीवर. वर्षं उलटली म्हणून यातलं काही बदलत नाही, गंजून तार बारीक झाली असेल तर गोष्ट वेगळी. बदलते ती स्प्रिंगची मोकळी लांबी. वर्षानुवर्षं भार सोसून पोलाद किंचित कायमचं दबतं. गॅरेजमध्ये त्यालाच ‘स्प्रिंग बसली’ म्हणतात. बसलेली स्प्रिंग दर किलोमागे पूर्वीइतकीच दबते, फक्त सुरुवात खालून करते.

आणि लोअर केलेल्या गाडीत बहुतेकदा स्प्रिंग बसलेली नसतेच. तिथे मुद्दाम आखूड स्प्रिंग घातलेली असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे मूळ स्प्रिंगच कापलेली असते. कापल्याने स्प्रिंग मऊ होत नाही, उलट कडक होते. काम करणारे सहा वेढे असतील आणि एक कापला, तर उरलेल्या पाचांची स्प्रिंग मूळच्या 1.2 पट कडक होते. आता त्यात ठोकळे ठोकून आणखी एक वेढा जखडला की चार वेढे उरले, म्हणजे कडकपणा मूळच्या दीडपट. गाडी थोडी वर दिसेल खरी, पण ती वर दिसते याचं कारण स्प्रिंगने दबणं सोडलंय हे आहे. शॉकअप मात्र मूळ कडकपणाच्या हिशेबाने बनवलेला असतो. दीडपट कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही. खड्ड्यातून गेल्यावर गाडी डुलत राहते ती यामुळे.

ठोकळ्याचा दुसरा त्रास लगेच दिसत नाही. ठोकळ्याची कड जिथे तारेला लागते तिथे रंग घासला जातो, चिखल आणि ओल अडकून राहते, गंज धरतो. त्यात जखडलेल्या भागाच्या सीमेवर ताणही साचतो. स्प्रिंग तुटायला याहून सोयीची जागा नाही, आणि तुटलेलं टोक टायरच्या भिंतीत घुसू शकतं. कापलेली स्प्रिंग कोणत्याही ठोकळ्याने बरी होत नाही. ती काढून टाकायची, जोडीने, एका धुरीवरच्या दोन्ही बाजूंच्या एकदम.

‘जितकं पॅकिंग, तितकी गाडी वर’ हे पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) बाबतीत जवळपास बरोबर आहे, कारण तिथे स्प्रिंग आणि चाक साधारण सारखेच हलतात. पण अनेक व्हॅनमध्ये मागची स्प्रिंग ट्रेलिंग आर्मवर (चाक धरणारा, पुढच्या टोकाला बिजागरी असलेला दांडा), बिजागरी आणि चाक यांच्या मधे बसते. बिजागरीपासून दोन तृतीयांश अंतरावर स्प्रिंग असेल तर 20 मिमी पॅकिंगने गाडी चाकापाशी 30 मिमी उचलते. लोअरिंग किटमध्ये शॉकअपही आखूड असतात. अशा शॉकअपवर गाडी उचलली की ते आधीच जवळपास पूर्ण ताणलेले राहतात. चाक खड्ड्यात लोंबकळलं की शॉकअपलाच हिसका बसतो, आणि त्याचं वरचं माउंटिंग त्यासाठी बनवलेलं नसतं. उंची वाढवायची तर शॉकअपही मूळ लांबीचे हवेत.

गॅसच्या शॉकअपबद्दल फार बोलायला नको. गाडीचा भार स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त हालचालीला विरोध करतो. आतल्या गॅसचा दाब दांड्याला बाहेर ढकलतो हे खरं, पण 12 मिमी दांडा आणि 25 बार दाब धरला तरी तो जोर तीस किलोच्या आतच राहतो. भरलेल्या कॅम्परच्या मागच्या एका चाकावर सहज 600 किलो असतात. फरक पडतो तो काही मिलिमीटरांचा.

आता खरं वाक्य. 1990 साली आलेल्या फोक्सवॅगन टी4च्या पुढच्या बाजूला कॉइल नाही, लांबीच्या दिशेने टॉर्शन बार आहेत, आणि त्यांच्या टोकाला उंची जुळवायचा बोल्ट असतो. गाडी तो सैल करूनच खाली आणली असेल तर तोच आवळून ती वर येते. बारचा कडकपणाही बदलत नाही, म्हणून हा उपाय ठोकळ्यांपेक्षा कितीतरी चांगला. पण बारमध्ये गाडीच्या वजनाचा पीळ साठलेला असतो. गंजलेल्या बोल्टवर जोर करण्याआधी गाडी स्टँडवर घेऊन बारवरचा भार उतरवायचा, आणि दोन्ही बाजू थोड्या थोड्या, आळीपाळीने, मोजत आवळायच्या. मागे टी4लाही कॉइलच असतात, त्यामुळे मागचा प्रश्न बोल्टने सुटत नाही.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं. गाडी मूळ जागी आली तरी तिच्या बाकीच्या गोष्टी खालच्या जागेसाठी बसवलेल्या असतात. लोअर केल्यावर कोणीतरी टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, त्या उंचीला जुळवलेला असतो. गाडी वर येताच तो बिघडतो आणि टायर आतून किंवा बाहेरून खाल्ले जातात. अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचं कलणं आवरणारी दांडी) लिंक आखूड केलेल्या असतात. बंप स्टॉप, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का घेणारे रबर, कापलेले असतात. हेडलाइटही खालच्या उंचीला लावलेले, ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

बुश तर सगळेच विसरतात. सस्पेन्शनच्या आर्मच्या सांध्यातले बरेच रबरी बुश आतल्या नळीला चिकटलेले असतात. ते फिरत नाहीत, पिळले जातात. गाडी खाली असताना बोल्ट आवळला असेल तर रबराची निवांत जागा तीच. तीच गाडी 50 मिमी वर आणली की रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहतं, आणि वर्षभरात फाटायला लागतं. म्हणून नव्या स्प्रिंगा बसल्यावर ते बोल्ट सैल करायचे, चाकांवर पूर्ण वजन टाकायचं, आणि मगच टॉर्क रेंचने आवळायचे. जॅकवर लटकत्या चाकांनी आवळले तर तीच चूक नव्याने होते.

काही व्हॅनमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह धुरीशी जोडलेला असतो. बॉडी खाली म्हणजे गाडी भरलेली, असं तो समजतो आणि मागे जास्त दाब देतो. लोअर करताना कोणी ती जोडणी हलवली असेल, तर उंची परत आल्यावर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामी वाटते. मग भरल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी धरतात. हे तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

मूळ उंची म्हणजे नेमकी कोणती, हेही त्या सल्ल्यात नाही. मालवाहू व्हॅन कधी रिकामी, कधी भरलेली असते. कॅम्पर कायम भरलेली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे साठ लिटरच्या टाकीचा एका माणसाइतका भार. त्यामुळे रिकाम्या व्हॅनची स्प्रिंग जशीच्या तशी घातली तर गाडी पुन्हा मागून बसलेली दिसेल, आणि दोष नव्या स्प्रिंगवर जाईल. प्रवासाला निघतो तशी गाडी भरून काट्यावर न्यायची, पुढच्या आणि मागच्या धुरीचं वजन वेगवेगळं घ्यायचं, आणि त्या वजनासाठी नेमलेली स्प्रिंग मागवायची. उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत, चारही कोपऱ्यांवर. जमिनीपासून मोजली तर टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. नव्या स्प्रिंगा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात. टो तर पहिल्याच दिवशी जुळवून घ्यावा लागतो. तेवढं अंतर झाल्यावर चारही आकडे पुन्हा घ्यायचे आणि शेवटचं अलाइनमेंट व हेडलाइट तेव्हा करायचे.