त्या अभ्र्याबद्दल

आज दुपारपासून डोकं ठणकतंय. लिहून टाकल्याशिवाय झोप यायची नाही.

ऑफिसातल्या एका मुलीचे वडील नऊ दिवसांपूर्वी गेले. आज ती कामावर आली. मीटिंग सुरू व्हायच्या आधी एक जण तिला म्हणाला, "बरं झालं आलीस. घरी बसून काय होणार? कामात मन रमव." सगळ्यांनी माना डोलावल्या. तीसुद्धा हसली. ते हसू मला ओळखीचं आहे. आई गेल्यावर मीही तसंच हसत होते.

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी नात्यातल्या एका काकूंनी तिची खोली आवरली. मला जरा डोळा लागला होता. उठून पाहते तर पलंग रिकामा, औषधांच्या बाटल्या गायब आणि तिच्या उशीचा अभ्रा धुऊन दोरीवर वाळत टाकलेला. आईच्या केसांचा वास होता त्याला. काकू म्हणाल्या, "तुला सारखं डोळ्यांसमोर नको म्हणून."

मला तेच तर डोळ्यांसमोर हवं होतं!

इंडोनेशियात सुलावेसी बेटावर तोराजा नावाचे लोक राहतात. घरातलं माणूस गेलं की ते त्याला लगेच मेलेलं म्हणत नाहीत, आजारी म्हणतात. देह घरातच ठेवतात, कधी काही महिने, कधी काही वर्षं. त्याच्याशी बोलतात, त्याला जेवण नेऊन देतात. मोठा अंत्यविधी होईपर्यंत तो माणूस घरातलाच. पुढेही काही गावांत ठरावीक वर्षांनी देह बाहेर काढून पुसतात, नवे कपडे घालतात. या लोकांचे व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवतो आणि खाली 'बापरे' लिहितो. मीही लिहिलं असेल कधीतरी. आता नाही लिहिणार. ज्यांनी आपल्या माणसाला वर्षभर घरात ठेवलं ते विचित्र, आणि ज्यांना तिसऱ्या दिवशी एक अभ्रा सहन झाला नाही ते शहाणे?

राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट १८६१मध्ये गेला. त्यानंतर १९०१मध्ये स्वतः जाईपर्यंत ती काळ्या कपड्यांत राहिली आणि अल्बर्टच्या खोलीत दाढीसाठी रोज गरम पाणी ठेवायला लावत राहिली. लोक तिला वेडी म्हणाले. मला ते गरम पाणी अगदी कळतं. तिला निदान कुणी खोली आवरून दिली नाही.

हो, चाळीस वर्षं शोक करावा असं मी म्हणत नाहीये. दुःख कधीकधी आजार होतं, त्याला उपचार लागतात, मान्य. पण अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२च्या निदानपुस्तिकेतसुद्धा मोठ्या माणसाच्या लांबलेल्या शोकाला आजार म्हणण्याआधी निदान एक वर्ष जावं लागतं. एक वर्ष! आणि आपण नवव्या दिवशी मन रमवायला सांगतो.

ज्यूंमध्ये दफनानंतर सात दिवस घरचे लोक घरातच बसतात, बुटक्या आसनांवर. पुष्कळ घरांत आरसे झाकून ठेवतात. त्या दिवसांत स्वतःकडे बघायचं नाही, कुणासाठी नीटनेटकं दिसायचं नाही. सात दिवसांनंतर तीस दिवसांचा टप्पा, आणि आईवडिलांसाठी पूर्ण वर्ष. त्यांची एक रीत मला फार आवडते. भेटायला आलेल्याने आधी तोंड उघडायचं नाही. दुःखातला माणूस बोलला तर बोलायचं, नाही बोलला तर नुसतं बसायचं.

हे वाचलं तेव्हा मी रडले होते. आमच्याकडे आलेला प्रत्येक जण बोलतच होता. सुटली बिचारी, वय झालंच होतं, आता तू खंबीर व्हायला हवंस. त्या सगळ्या बोलण्याआडून मला फक्त दोरीवरचा तो अभ्रा दिसत होता.

मुसलमानांमध्ये दफन शक्य तितक्या लवकर करतात. म्हणजे लवकर निरोप देणारे लोकही आहेतच, आणि त्यांचं दुःख काही कमी नसतं. पण देह लवकर सोपवणं वेगळं आणि माणूस लवकर पुसून टाकणं वेगळं. जपानमध्ये दहनानंतर घरचेच लोक चॉपस्टिक्सने अस्थी वेचून कलशात ठेवतात, आधी पायांच्या आणि शेवटी डोक्याच्या, म्हणजे कलशात माणूस उलटा व्हायला नको. किती काळजी ती! न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी लोक दफन होईपर्यंत देहाला एकटं सोडत नाहीत, त्याच्याशी थेट बोलतात, भांडणसुद्धा बोलून दाखवतात.

या रीतींचं ओझंही होतं. तोराजांच्या अंत्यविधीत म्हशी कापाव्या लागतात, घरं कर्जात जातात. विधवांवर तर शोकाच्या नावाखाली जगभर काय काय लादलं गेलं ते आपल्याला माहीत आहे. ते नकोच. पण सगळं सोडून देताना आपण तो वेळही देऊन बसलो.

इथपर्यंत लिहिल्यावर काकू आठवताहेत. त्या दिवशी अभ्रा पिळताना त्यांचेही डोळे लाल होते. मी तेव्हा ते पाहिलं आणि बाजूला सारलं. आईशी त्यांची तीस वर्षांची मैत्री. हातांना काहीतरी काम हवं असेल त्यांच्या. त्यांच्यावरचा राग संपलेला नाही, पण आज पहिल्यांदा वाटलं की मी त्यांना एकदाही विचारलं नाही, तुम्हाला कसं वाटतंय.

मीटिंगनंतर मी त्या मुलीच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. काही बोलले नाही. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा दाढी करताना शीळ घालायचे. सगळी गाणी बेसूर." कोणती गाणी, मी विचारलं. मग एकेक गाणं निघत गेलं, शेवटी एक तिने स्वतः वाजवून दाखवलं, तसंच बेसूर. लोक वळून बघत होते. निघताना म्हणाली, अजून खूप आहेत, उद्या सांगते.